अमेरिकन यादवी युद्धातली चित्रांची पाकिटं आणि जुन्या जाहिरातींची पाकिटं: कुठून सुरुवात करू?

निळीशाई

नमस्कार मंडळी. मी ओहायोत राहते. स्टॅम्पचा नाद शाळेपासूनचा आहे, पण आजवर सगळं सुट्या तिकिटांपुरतंच होतं. गेल्या महिन्यात इथल्या एका स्टॅम्प शोमध्ये एका डीलरच्या टेबलावर खोक्यात उभी लावलेली जुनी पाकिटं चाळत बसले, त्यातली तीन घेऊन आले आणि आता सुट्या तिकिटांकडे बघावंसंच वाटत नाहीये.

पहिलं पाकीट केशरीसर पिवळ्या कागदाचं आहे. डावीकडे युनिफॉर्ममधला एक तरुण, हातात झेंडा, खाली एल्सवर्थ असं नाव. उजवीकडे वॉशिंग्टनचं 3 सेंटचं गुलाबी तिकीट आहे आणि त्यावर काळा गोल शिक्का. शिक्क्यातलं गाव पुसट झालंय पण शेवटी मेरीलँडचं संक्षिप्त रूप दिसतं आणि ऑक्टोबर महिना वाचता येतो. वर्ष मात्र कुठेच नाही. पत्ता ओहायोतल्याच एका छोट्या गावातल्या कुठल्याशा मिस अमुकतमुक यांचा, म्हणून तर हात आखडता घेतला नाही.

दुसरं कोरं आहे, म्हणजे तिकीट नाही, पत्ता नाही, काही नाही. त्यावर मिशीवाल्या माणसाचं डोकं आहे, जेफ डेव्हिस (युद्धातला दक्षिणेचा अध्यक्ष) लढाईला निघाला असं काहीतरी लिहिलंय, आणि पाकीट उलटं धरलं की तेच डोकं गाढवाचं होतं! डीलरने स्वतः उलटं करून दाखवलं तेव्हा मी टेबलासमोर उभी राहून मोठ्याने हसले.

तिसरं वेगळंच आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या स्टोव्हवाल्या कंपनीचं, डाव्या बाजूला भलामोठा नक्षीदार लोखंडी स्टोव्ह आणि 3 सेंटचं हिरवं तिकीट.

तिन्ही मिळून 90 डॉलर दिले. जास्त दिले की कमी हा प्रश्न नाहीये, आवडली म्हणून घेतली. प्रश्न असे की ही पाकिटं नक्की का छापायचे, वर्ष कसं ओळखायचं, खोटी असतात का, आणि पुढे गोळा करायचं ठरवलं तर युद्धाची करावीत की जाहिरातींची, कारण दोन्ही आवडतायत आणि बजेट काही फार नाही. जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज, वाचायला वेळ आहे.

जुनाटपाने

वा, एल्सवर्थ हाती लागलाय म्हणजे सुरुवात झकास झाली. युद्धाच्या पाकिटांबद्दल मी लिहितो, जाहिरातींचं इथे दुसरे लोक जास्त चांगलं सांगतील.

आधी पाकीट ही गोष्टच तेव्हा नवीन होती हे लक्षात घ्या. 1845 पर्यंत अमेरिकेत टपालाचा दर कागदाच्या संख्येवर होता, म्हणजे पत्राला वरून पाकीट घातलं तर तो दुसरा कागद आणि पैसे दुप्पट, त्यामुळे लोक पत्रच घडी करून बाहेरच्या बाजूला पत्ता लिहायचे आणि लाखेने बंद करायचे. 1845 मध्ये दर वजनावर आला, 1851 मध्ये आगाऊ पैसे भरले तर 3000 मैलांपर्यंत 3 सेंट झाला आणि मग पाकिटं धडाधड खपायला लागली. पाकीट आलं म्हणजे छापायला कोरी जागा आली. 1856 आणि 1860 च्या अध्यक्षीय निवडणुकांत उमेदवारांचे चेहरे पाकिटांवर आले, 1860 ला तर लिंकन, डग्लस, ब्रेकिनरिज आणि बेल असे चार जण रिंगणात होते आणि चौघांची पाकिटं मिळतात. लिंकनला दाढी नसेल तर छाप बहुधा निवडणुकीच्या वेळची, कारण दाढी त्याने निवडून आल्यावर वाढवली. अर्थात उरलेला माल पुढेही वापरला जायचा, तेव्हा बिनदाढीचं पाकीट 1861 मध्ये टाकलेलं दिसलं तर लगेच संशय घेऊ नका.

खरा पूर आला तो एप्रिल 1861 मध्ये दक्षिणेच्या फुटलेल्या राज्यांनी फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागून युद्ध सुरू केल्यावर. उत्तरेतले छापखाने अक्षरशः तुटून पडले. न्यूयॉर्कला फ्रँकफर्ट स्ट्रीटवरचा चार्ल्स मॅग्नस, फिलाडेल्फियाचा अपहॅम, सिनसिनाटीचा जेम्स गेट्स ही नावं पाकिटाच्या कडेला बारीक अक्षरांत शोधत जा, सवय लागेल. यातला मॅग्नस माझा सगळ्यात लाडका. जर्मनीतून आलेला माणूस, त्याच्याकडे चित्रं हाताने रंगवली जायची, आणि भिंगातून बघितलं तर निळा रंग कोटाच्या रेषेबाहेर थोडा सांडलेला दिसतो, झेंड्याचे पट्टे एका पाकिटावर असतात तसे दुसऱ्यावर नसतात. एकाच डिझाइनची दोन पाकिटं शेजारी ठेवून बघा, रंगवणाऱ्या हाताचा वेग कळतो.

आता तुमचा एल्सवर्थ. एल्मर एल्सवर्थ लिंकनच्या घरातला म्हणावा इतका जवळचा, स्प्रिंगफील्डला लिंकनच्या ऑफिसात कायदा शिकलेला. न्यूयॉर्कच्या आगीच्या बंबवाल्यांमधून त्याने फायर झुआव्ह नावाची रेजिमेंट उभी केली. 24 मे 1861 ला व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात मार्शल हाउस नावाच्या हॉटेलच्या छपरावर कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेचा झेंडा फडकत होता तो काढायला हा स्वतः वर गेला, झेंडा घेऊन जिना उतरत असताना हॉटेलमालक जॅक्सनने त्याला गोळी घातली आणि एल्सवर्थच्या सोबतच्या ब्राउनेल नावाच्या शिपायाने तिथल्या तिथे जॅक्सनला मारलं. एल्सवर्थ तेव्हा 24 वर्षांचा होता. त्याचं शव व्हाइट हाउसमध्ये ठेवलं होतं. पुढचे कित्येक महिने ‘एल्सवर्थची आठवण ठेवा’ ही सैन्यभरतीची आरोळीच झाली, त्याच्या नावाने सूड घेणारी म्हणून न्यूयॉर्कची 44 वी रेजिमेंट उभी राहिली, आणि पाकिटंवाल्यांनी त्याची किती डिझाइनं काढली त्याला गणती नाही. पोर्ट्रेट आहे, जिन्यावरचा प्रसंग आहे, झेंडा पायाखाली तुडवतानाचं आहे, काळ्या शोकपट्टीचंही आहे.

वर्षाचं बघू. त्या काळात अनेक गावांच्या शिक्क्यांत वर्ष नसायचंच, त्यामुळे तुमच्या शिक्क्यात काही गडबड नाही. पण तिकीट सांगतं. युद्ध सुरू झाल्यावर टपालखात्याच्या लक्षात आलं की दक्षिणेतल्या पोस्टमास्तरांकडे जुन्या तिकिटांचे साठे पडून आहेत, ते उत्तरेत विकून पैसा उभा करतील, म्हणून ऑगस्ट 1861 मध्ये नवी तिकिटं काढली आणि जुनी बाद केली. जुनं 3 सेंटचं तिकीट मळकट लाल, त्यावर किंमत फक्त अक्षरांत. नव्यावर 3 हा आकडाही छापलेला आहे आणि रंग गुलाबी. तुमच्या तिकिटावर आकडा दिसत असेल तर पाकीट ऑगस्ट 61 नंतरचं, आणि एल्सवर्थचा विषय गरम होता तो काळ धरला तर ऑक्टोबर 1861 हाच अंदाज मी करेन. 62 अशक्य नाही, पण मला 61 च वाटतं. मेरीलँडमध्ये तेव्हा युनियन, म्हणजे उत्तरेच्या सैन्याच्या छावण्या होत्या, तेव्हा लिहिणारा शिपाई असायची शक्यता खूप आहे.

काय गोळा करायचं यावर माझं मत ठाम आहे. टपालातून गेलेलं, पत्ता, तिकीट आणि शिक्का असलेलं पाकीट घ्या. कोरं चित्र कितीही सुंदर असलं तरी ते कुणी कुणाला पाठवलं नाही. तुमच्या एल्सवर्थच्या पाकिटात एका माणसाने हे चित्र निवडलंय, त्यावर एका मुलीचं नाव लिहिलंय आणि ते छावणीतून ओहायोपर्यंत पोचलंय, एवढं सगळं एका कागदावर आहे.

कोपराकार्ड

जाहिरातीच्या पाकिटांची बाजू मांडायला मी आलेच पाहिजे 🙂

ट्रॉय हे नाव वाचूनच आनंद झाला. ट्रॉय आणि शेजारचं ऑल्बनी ही तेव्हाची लोखंडी स्टोव्हची मोठी केंद्रं, हडसन नदी आणि एरी कॅनॉलमुळे कच्चा माल आणायला आणि स्टोव्ह पाठवायला सोपं. तुमचं हिरवं 3 सेंटचं तिकीट 1870 ते 1883 या काळातलं आहे. यातली एक युक्ती सांगते, ही डोक्यात बसली की शोमध्ये दुरूनच काळ कळतो. हिरवं 3 सेंट म्हणजे 1870 नंतर. 1 ऑक्टोबर 1883 ला दर 2 सेंट झाला तेव्हा तांबूस तपकिरी 2 सेंट आलं, 1887 ला ते हिरवं झालं, 1890 पासून लालसर, आणि 1894 पासून वरच्या कोपऱ्यांत छोटे त्रिकोण दिसायला लागले. तिकीट जुनं आणि वापर नंतरचा असं होऊ शकतं, उलटं होऊ शकत नाही. 1 सेंटचं तिकीट असेल तर पाकिटाची मागची झडप बघा, बहुतेक वेळा ती कधी चिकटवलेलीच नसते कारण आत छापील सर्क्युलर असायचं आणि ते उघडं पाठवलं तर स्वस्तात जायचं.

ही जाहिरात पाकिटावर आली कुठून ते पण मजेशीर आहे. पत्र मिळालं नाही, घेणारा सापडला नाही, की ते वॉशिंग्टनच्या डेड लेटर ऑफिसात जायचं आणि तिथे ते उघडलं जायचं. धंदेवाल्यांना हे परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी कोपऱ्यात स्वतःचं नाव-गाव छापायला सुरुवात केली आणि 1860 च्या दशकात ‘10 दिवसांत न मिळाल्यास परत पाठवा’ ही ओळ सर्रास दिसायला लागली. नाव छापायचंच आहे तर धंदाही लिहू, धंदा लिहिलाय तर माल दाखवू, माल दाखवलाय तर कारखाना पण दाखवू, असं करत करत कोपरा वाढत गेला आणि शतकाच्या शेवटी तर पाकिटाची पूर्ण समोरची बाजू रंगीत चित्राने भरून गेली, पत्त्याला जेमतेम एक चौकोन, आणि मागच्या बाजूलाही किंमतपत्रक.

यात माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे 1850 च्या दशकातली कॅमिओ पाकिटं. एका कोपऱ्यात निळा नाहीतर लाल लंबगोल, त्यात उठावाची पांढरी अक्षरं, मध्ये एखादी टोपी किंवा बूट किंवा घोडा. साच्यात कागद दाबून ही अक्षरं उठवलेली असतात. पाकीट तिरपं धरून खिडकीच्या उजेडात बघायचं आणि मग आतल्या बाजूने बोट फिरवायचं, उलटी अक्षरं बोटाला लागतात. लंबगोलाच्या कडेला साचा बनवणाऱ्याचं नाव केसाएवढ्या अक्षरांत सापडलं की दिवस सार्थकी लागतो, न्यूयॉर्कचा विल्यम ईव्ह्ज हे नाव पुष्कळदा भेटेल.

पुढच्या काळात मग सगळंच आहे. हॉटेलं (हॉटेलची पाकिटं पाहुण्यांना लिहायला फुकट मिळायची त्यामुळे आतला मजकूर आणि वरचं चित्र यांचा काडीचा संबंध नसतो), पेटंट औषधं, बंदुका, बियाणं, काटेरी तार, नांगर, शवपेट्या, 1890 च्या दशकात सायकली. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात पदक मिळालं की ते पदक वर्षानुवर्षं पाकिटावर छापायचे, त्यावरून पण ‘या आधीचं नाही’ एवढं कळतं. कारखान्याचं चित्र नीट बघा कधीतरी. प्रत्येक धुराडं धूर ओकतंय, समोर घोडागाड्यांची रांग, झाडं आणि माणसं मुंगीएवढी काढलीत म्हणजे इमारत आणखी मोठी दिसावी. एका शहराची सगळी पाकिटं जमवली ना की त्या शहरात तेव्हा काय बनत होतं आणि स्वतःबद्दल त्यांना काय सांगायचं होतं ते समोर येतं.

बजेट कमी असेल तर माझं सरळ म्हणणं, तुम्ही ओहायोत आहात ना, मग ओहायोची जाहिरात पाकिटं घ्या. सिनसिनाटी, क्लीव्हलँड, डेटन, अ‍ॅक्रन, कॅन्टन, कारखान्यांना तोटा नव्हता. सुंदर रंगीत पूर्ण चित्राची महाग असतात, पण नुसतं कोपऱ्यात चित्र असलेली अजूनही जेवणाच्या खर्चात मिळतात. युद्धाची टपालातून गेलेली पाकिटं त्या मानाने खिसा रिकामा करतात.

जुनाटपाने, कोऱ्या पाकिटांबद्दल तुम्ही जरा जास्तच कडक बोललात असं मला वाटतं. ही पाकिटं छापून आली तेव्हाच लोक विकत घेऊन अल्बममध्ये चिकटवत होते, प्रकाशक संग्राहकांसाठी म्हणून वेगळी विकत होते. फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीत मॅकअ‍ॅलिस्टरचा जो संग्रह आहे तो त्याने युद्ध चालू असतानाच जमवलेला आहे. म्हणजे कोरं पाकीट हे पण त्या काळाचं खरंखुरं वापरणंच झालं, फक्त टपालाचं नाही.

जुनाटपाने

मुद्दा मान्य आहे, मॅकअ‍ॅलिस्टरचं उदाहरण बिनतोड. म्हणूनच आज कोरी पाकिटं ढिगाने मिळतात आणि टपालातून गेलेली कमी. कोरी घ्यायचीच तर चित्रासाठी घ्या आणि कागद स्वच्छ, कोपरे धारदार, मागे अल्बमचा गोंद नसलेली घ्या, आणि पैसे बेताने द्या. निळीशाईंचं गाढवाचं पाकीट त्या जातीचं आहे आणि त्याचा विनोद आज 160 वर्षांनंतर पण चालतोय, त्यामुळे ते ठेवाच. डेव्हिसला फाशी दिल्याची पाकिटंही उत्तरेत खूप निघाली, ती बघताना मात्र हसू येत नाही.

भिंगवाला

खोटं-खरं यावर लिहितो कारण इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो.

खोटं म्हणजे दोन प्रकारचं. एक, पाकीटच नंतर छापलेलं. दुसरं, पाकीट अस्सल 1861 चं पण कोरं होतं आणि नंतर कुणीतरी त्यावर जुनं तिकीट चिकटवून, शिक्का मारून, पत्ता लिहून ‘वापरलेलं’ केलंय. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. वर दोघांनी सांगितलंच की कोरी मुबलक आणि वापरलेली महाग, मग हे कुणालातरी सुचणारच.

पहिल्या प्रकाराला दहापट भिंग पुरतं. जुनी छपाई रेषेची असते, लाकडी ठशाची असेल तर शाई रेषेच्या कडेला किंचित जास्त साचलेली दिसते आणि कागदाच्या मागून हलका दाब लागतो. भिंगाखाली ठिपक्या-ठिपक्यांचा रंग दिसला तर ते पाकीट खाली ठेवा. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही स्वस्त झालाय, आजच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारं रसायन असतं त्यामुळे तो निळसर पांढरा झळकतो, 1861 चा कागद तसा झळकत नाही.

दुसऱ्या प्रकाराला डोकं वापरावं लागतं. शिक्का तिकिटावरून पाकिटाच्या कागदावर सलग गेलाय का ते बघा. तिकिटाच्या कडेपाशी शिक्क्याचा गोल जुळतो का, की कडेला एक पायरी पडते? शाईचा रंग तिकिटावर आणि कागदावर एकच आहे का? मग काळ जुळतो का बघा. जून 1861 ची तारीख आणि गुलाबी तिकीट असं असेल तर मामला संपला, ते तिकीट तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. पत्ता बघा. शहरांत घरपोच टपाल 1 जुलै 1863 ला सुरू झालं, त्याआधी साधारणपणे लोक पोस्टातूनच पत्र घेऊन यायचे, त्यामुळे छोट्या गावच्या 1861 च्या पाकिटावर नाव, गाव, काउंटी, राज्य एवढंच असणं स्वाभाविक आहे. अशा पाकिटावर गल्ली आणि घरनंबर दिसला तर मी थांबतो. पत्त्याची शाई पण बघा, तेव्हाची शाई काळाबरोबर तपकिरी होते आणि निबचा दाब अक्षराच्या खालच्या रेषेत दिसतो.

दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट चित्रांच्या पाकिटांच्या वाट्याला सुरुवातीला जाऊ नका. ती मुळात कमी, कारण कागदाचीच चणचण होती, पुढे पुढे तर लोक आलेलं पाकीट उलटून आतली बाजू बाहेर काढून परत वापरायचे आणि भिंतीला लावायच्या वॉलपेपरची पाकिटं करायचे. कमी म्हणून महाग, आणि महाग म्हणून नकली जास्त. त्यांच्या झेंड्यावरचे तारे मोजायचा खेळ मात्र छान आहे. सुरुवातीला सात, मग मे 61 मध्ये व्हर्जिनिया, आर्कान्सा, नॉर्थ कॅरोलिना, जुलैत टेनेसी असे वाढत अकरा, आणि वर्षअखेरीस मिसुरी आणि केंटकी धरून तेरा. तारे बघून ‘याआधी छापलेलं नाही’ एवढंच सांगता येतं, वापर नंतर कधीही असू शकतो.

मोठी रक्कम द्यायची वेळ आली तर न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनचं किंवा अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीचं सर्टिफिकेट असलेलंच घ्या, किंवा सर्टिफिकेट मिळालं तरच व्यवहार पक्का असं डीलरशी आधीच ठरवा. चांगला डीलर याला कधी नाही म्हणत नाही.

आणि ठेवताना पॉलिएस्टरची स्लीव्ह वापरा. पीव्हीसीची मऊ पिशवी नको, सेलोटेप तर नकोच, लॅमिनेशनचा विचारही मनात आणू नका. मॅग्नसचे हाताने दिलेले रंग उन्हात उडतात तेव्हा फ्रेम करून भिंतीवर लावायची हौस असेल तर स्कॅनचा प्रिंट लावा.

निळीशाई

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. तिकिटावर 3 आकडा आहे! शिक्का पण पाकिटावर सलग गेलाय, आत्ताच भिंगाने बघितलं.

एक अडचणीचा प्रश्न विचारते. त्याच डीलरकडे आणखी एक पाकीट होतं, काळ्या माणसाचं अगदी विद्रूप चित्र, मागे चाबूक घेतलेला मालक ओरडतोय आणि तो किल्ल्याकडे पळत त्याला वाकुल्या दाखवतोय, खाली काँट्राबँडबद्दल काहीतरी लिहिलेलं. मी ते हातात घेतलं आणि परत ठेवलं. उत्तरेच्या बाजूचं असून असं चित्र का? आणि असली पाकिटं लोक संग्रहात ठेवतात का?

मधलेपान

एरवी फक्त वाचत असते, पण या प्रश्नासाठी लिहायला बसले.

ते पाकीट ज्या घटनेवर आहे ती तारीख बघा. 23 मे 1861 च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीतून व्हर्जिनियाच्या फोर्ट मनरोला पोचले. त्यांना कॉन्फेडरेट सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन त्यांना परत मागायला आला. किल्ल्याचा कमांडर जनरल बेंजामिन बटलर पेशाने वकील. त्याने उत्तर दिलं की व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवतो, मग पळालेले गुलाम परत देण्याचा अमेरिकेचा कायदा परक्या देशाला लागू नाही, आणि शत्रू यांना युद्धाच्या कामाला लावतोय म्हणून हे युद्धातला जप्त माल, काँट्राबँड. दिलं नाही परत. ही गोष्ट कर्णोपकर्णी झाली आणि थोड्याच दिवसांत त्या किल्ल्याकडे शेकडो माणसं बायकापोरांसह यायला लागली.

तो दुसरा दिवस म्हणजे 24 मे 1861. एल्सवर्थ ज्या दिवशी मेला तोच दिवस, आणि राज्यही तेच.

आता दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून बघा. एल्सवर्थला पोर्ट्रेट मिळालं, नाव मिळालं, झेंडा मिळाला. बेकर, मॅलरी आणि टाउनसेंड यांनी रात्री नदी ओलांडून जे केलं त्याने युद्धाचा रोख बदलायला सुरुवात झाली, आणि पाकिटावर त्यांचं काय आलं तर जाड ओठांचं विदूषकी व्यंगचित्र, नाव नाही, मोडकीतोडकी भाषा तोंडी घातलेली. उत्तरेतला छापखानेवाला गुलामगिरीविरुद्ध होताच असं नाही, त्याला दक्षिणेचा मालक चिडलेला दाखवायचा होता आणि ते दाखवताना काळ्या माणसावरही हसणारं गिऱ्हाईक त्याच्यापुढे होतं. युनियनसाठी लढायला तयार आणि काळ्या माणसाला बरोबरीचा मानायला तयार नाही, अशी तेव्हाच्या उत्तरेतली पुष्कळ माणसं या एका पाकिटात दिसतात.

म्हणून माझं उत्तर, हो, ठेवावीत. मोठ्या संस्थांच्या संग्रहातही आहेत. पण ती मजेशीर चित्रांच्या पानावर लावू नयेत. मी माझ्या अल्बममध्ये अशा पाकिटाशेजारी त्या तिघांची नावं आणि फोर्ट मनरोची गोष्ट लिहून ठेवते, कारण पाकिटावर ती नाहीत. नुसती थट्टाच करणारी, मागे कुठली घटना नसलेली विद्रूप चित्रं मी विकत घेत नाही, आणि त्यांचा ज्या प्रकारे भाव वाढवला जातो ते मला आवडत नाही. तुम्हाला हातात घेऊन परत ठेवावंसं वाटलं तर तेही योग्यच आहे, सगळं आपल्याच घरात असलं पाहिजे असं नाही.

याच्या अगदी उलट बाजूचं काही हवं असेल तर युद्धाच्या दहा-पंधरा वर्षं आधीची सुधारकांची पाकिटं शोधा. कनेटिकटचा एलिहू बरिट, पेशाने लोहार आणि कित्येक भाषा शिकलेला, त्याने इंग्लंडात राहून समुद्रापारचं टपाल एका पेनीत जावं म्हणून चळवळ चालवली आणि त्या मागणीची चित्रमय पाकिटं निघाली. जहाजं, हात मिळवणारे लोक, शांततेचे संदेश. दारूबंदीची आणि गुलामगिरीविरोधाची पण त्याच सुमाराची आहेत. बरीचशी ब्रिटनमध्ये छापलेली, पण अमेरिकेच्या पाकिटांची पुढची सगळी वाट तिथूनच फुटते. बारीक रेषेत इतकं भरगच्च काम आहे की पत्ता लिहायला जागा पुरत नाही!

कोपराकार्ड

24 मे चा योगायोग मला माहीत नव्हता, अंगावर काटा आला. या दोन पाकिटांचं एक पान झालंच पाहिजे.

निळीशाई

मधलेपान, हे वाचून मी डीलरला मेल केलाय, ते पाकीट अजून असेल तर घेणार आहे आणि एल्सवर्थच्या समोरच्या पानावर नावांसकट लावणार आहे. बाकी नवीन खरेदी ओहायोच्या जाहिरातींचीच करते असं ठरवलंय, कोपराकार्ड यांनी नावं सांगितली त्यातल्या डेटनपासून.

शेवटचा प्रश्न, एल्सवर्थच्या पाकिटावरची ती मिस कोण होती ते शोधता येईल का? आत पत्र नाहीये.

जुनाटपाने

येईल, आणि ओहायोत बसून तर चांगलंच येईल. 1850 पासूनच्या अमेरिकन जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आणि वय आहे, तेव्हा 1860 च्या जनगणनेत ती काउंटी आणि ते गाव काढा. आडनाव बघा, त्या घरात 18 ते 30 वयाचा भाऊ आहे का बघा, शेजारच्या घरांतली मुलं पण बघा. मग ओहायोच्या कुठल्या रेजिमेंटमध्ये त्या गावची भरती झाली ते शोधा आणि 1861 च्या ऑक्टोबरात ती मेरीलँडमध्ये होती का ते ताडून पाहा. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर शिपायांची नावं रेजिमेंटनुसार शोधता येतात. पाकिटाच्या मागच्या बाजूला आणि झडपेच्या आत पेन्सिलने काही लिहिलंय का तेही तिरप्या उजेडात बघून घ्या, पत्र मिळाल्याची तारीख लोक तिथे टिपून ठेवायचे. आणि पुसट शिक्क्याचा मोठा स्कॅन इथे टाका, गावाचं नाव सगळे मिळून लावू.